साताऱ्याची एक पंगत : कर्मवीर भाऊराव पाटील

१९०० सालच्या नोव्हेंबर महिन्यात साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एक मुलगा इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाला. वर्गाच्या एका कोपऱ्यात तो एकटा बसे. बसायला घरून आणलेले गोणपाट असे आणि शाळा सुटली की ते घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे. तहान लागली तर नळाची तोटी त्याने स्वतः सोडायची नाही. शिपाई असेल तर पाणी मिळे, शिपाई नसेल तर ती तहान घरापर्यंत न्यावी लागे. गावात पैसे घेऊन कपडे धुणारे परीट होते, पण ते या घरचे कपडे धूत नसत, म्हणून कपडे बहिणी धूत. न्हावी होते, पण केस मोठी बहीण कापी. त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ७ नोव्हेंबर हा त्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि आपल्या शाळेतही त्या दिवशी भाषणे होतात.

बाबासाहेबांच्या बालपणीच्या या हकिकती आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. शिकवताना एक गोष्ट प्रत्येक वेळी जाणवते. त्यांत कोणी मोठा जुलमी अधिकारी नाही, लढाई नाही, फर्मान नाही. आहे ती पाण्याची तोटी, बसण्याचे फडके, कात्री आणि धुण्याचा दगड. जातिव्यवस्था पोथीत लिहिलेली असेल, पण ती रोज चालत होती ती अशा बारीकसारीक ठिकाणी, आणि ती चालवणारी माणसे बहुधा साधी, सभ्य, आपापल्या कामाला लागलेली होती. त्याच साताऱ्यात, त्यानंतर चोवीस वर्षांनी, एका गृहस्थाने भाड्याच्या जागेत काही मुले एकत्र ठेवली. महाराची, मांगाची, मराठ्याची, मुसलमानाची, जैनाची मुले एका चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत बसून खाऊ लागली आणि एकाच घागरीतले पाणी पिऊ लागली. त्या गृहस्थांचे, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. निवासी शाळेच्या स्मरणिकेत ते असावे असे आम्हांला फार दिवसांपासून वाटत होते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, आजोळी झाला. घराणे जैन, मूळचे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा सरकारी खात्यात कारकून होते, त्यामुळे बदलीच्या गावी मुलाचेही शिक्षण फिरत राहिले. आई गंगाबाई. मुलगा अंगापिंडाने दांडगा, अभ्यासात बेताचा आणि हट्टी होता. भेदभाव दिसला की त्याचा हात आधी चाले, विचार मागून येई. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या एका विहिरीचा रहाट त्याने लहानपणी मोडून टाकला, ही त्याची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. रहाट मोडल्याने कोणाला पाणी मिळाले नसेल. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्तही झाला असेल. परंतु त्या मुलाला पुढे आयुष्यभर जे करायचे होते त्याची जागा मात्र त्याने बरोबर हेरली होती. ती जागा म्हणजे पाणवठा.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. बोर्डिंगचे व्यवस्थापन अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. लठ्ठे हे विद्वान गृहस्थ, जैन समाजाचे पुढारी, पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले. बोर्डिंगात जैन आचाराचे नियम कडक होते. कोल्हापुरात त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते आणि प्रत्येक जातीच्या मुलांसाठी एकेक वसतिगृह उभे राहत होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रीतीप्रमाणे त्यांनी स्नान करून मगच आत यावे व जेवायला बसावे अशी अपेक्षा होती. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला.

इथे थोडे थांबावेसे वाटते. इतिहासात आपण सत्याग्रह, परिषदा, करार यांच्या तारखा पाठ करतो. एका एकवीस वर्षांच्या मुलाने एका संध्याकाळी अंघोळ केली नाही, ही काही पाठ्यपुस्तकात यावी अशी घटना नव्हे. परंतु विचार केला पाहिजे, की ती अंघोळ किती सोपी होती. दोन तांबे पाणी अंगावर ओतले असते तर ताट समोर आले असते, डोक्यावरचे छप्पर राहिले असते, शिक्षण चालू राहिले असते, आणि मनातली मते मनात तशीच शाबूत राहिली असती. आपल्यापैकी बहुतेकांनी तसेच केले असते. भाऊरावांनी ओळखले होते, की त्या दोन तांब्यांत आपण नुकतेच ज्यांच्याजवळ बसून आलो त्या मुलांचा अपमान आहे. त्यांना बोर्डिंगातून काढण्यात आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि काही काळ ते राजवाड्याच्या छत्राखाली राहिले. शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. गणिताने दगा दिला असे म्हणतात.

या प्रसंगाला एक उत्तरार्ध आहे आणि तो आम्हांला पूर्वार्धाइतकाच मोलाचा वाटतो. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजाच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला. त्या काळी लठ्ठे आणि दरबार यांचे संबंध बिघडलेले होते. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्याने आपल्याला बोर्डिंगातून घालवले, शिक्षण अर्धवट राहण्याला जो काही अंशी कारण झाला, त्याच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. शिवाय ज्या दरबाराने आश्रय दिला त्याची मर्जीही राखली गेली असती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले, छळ झाला, तो सहन न होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण साक्ष दिली नाही. शाहू महाराजांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो या प्रकरणाने उणा होत नाही, पण त्यांच्या राज्यातले हे पान झाकून ठेवण्याचेही कारण नाही. भाऊराव स्वतः त्यानंतरही महाराजांना गुरुस्थानी मानत राहिले आणि आपल्या वसतिगृहाला त्यांचेच नाव लागले याचा त्यांना आनंद झाला. माणसाच्या एका कृत्याने त्याचे सारे जमाखर्च मांडू नयेत, ही समज त्यांच्याकडे होती. अन्याय करणाऱ्या लठ्ठ्यांनाही तिचा लाभ झाला.

तुरुंगातून सुटल्यावर पोटापाण्याची धडपड सुरू झाली. त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचेच्या मालाचा व किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रसार करीत ते हिंडले, साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यातही काम केले. लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. शेतकऱ्याला नांगर पटवून द्यायचा तर त्याच्या बांधावर बसावे लागते, त्याच्या भाकरीतला तुकडा खावा लागतो. खेड्यात शाळा नाही, जिथे आहे तिथे अस्पृश्यांची मुले बाहेर बसतात, आणि शेतकऱ्याची मुलेही चौथीच्या पुढे जात नाहीत, हे त्यांनी पाहिले ते अहवालांतून नव्हे, ओसरीवर बसून. सत्यशोधक समाजाच्या जलशांत आणि सभांत ते भाग घेऊ लागले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. भाऊरावांच्या साऱ्या उद्योगाला त्या हौदाचे पाणी आहे असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. याच काळात शाळेबाहेर बसलेला ज्ञानदेव घोलप हा महार मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क बोर्डिंगात ठेवले. हे घोलप पुढे मुंबई कायदे कौन्सिलात अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. कराड तालुक्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक आठवण नोंदवतो. याच तालुक्यात मसूरचे रेल्वे स्थानक आहे. १९०१ साली भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघून याच स्थानकावर उतरले होते. जात कळताच गाडीवाले मागे सरले, शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुलांना जावे लागले, आणि वाटेत जेवण जवळ असूनही पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली. काले आणि मसूर यांत फार अंतर नाही. मधे गेली होती ती फक्त अठरा वर्षे.

१९२१ साली नेर्ले येथे एक वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये भाऊराव साताऱ्याला आले आणि तेथे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. ते पुढे धनिणीच्या बागेत गेले. कोल्हापूरच्या वसतिगृहांहून ते वेगळे होते, आणि हा फरक नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली, कारण त्या वेळी एका जातीची मुले दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर जेवायला तयार नव्हती आणि शिक्षण तर लगेच सुरू व्हायला हवे होते. ती पहिली पायरी होती. भाऊरावांनी दुसरी पायरी बांधली. त्यांनी जेवणाचाच प्रश्न आधी घेतला.

या बोर्डिंगात मोलकरीण नव्हती, आचारी नव्हता, भंगी नव्हता. मुले पाळीपाळीने दळण दळीत, भाकऱ्या थापीत, भाजी चिरीत, पाणी भरीत, भांडी घाशीत, अंगण झाडीत. आज भाकरी करण्याची पाळी मराठ्याच्या मुलाची असली तर उद्या महाराच्या मुलाची. पाळीच्या यादीला आडनाव कळत नसे. आता हे लिहायला एक ओळ पुरते, पण १९२४ सालच्या साताऱ्यात याचा अर्थ काय होता हे जाणत्यांना सांगायला नको. महाराच्या मुलाने थापलेली भाकरी खाल्ली हे गावी कळले तर स्पृश्य मुलाच्या बापाला भावकीत तोंड दाखवणे कठीण होई. तरीही बाप मुलांना पाठवत राहिले. एक कारण असे, की दुसरीकडे त्यांच्या मुलांना शिकण्याची सोयच नव्हती. दुसरे असे, की भाऊराव स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसत आणि मुलगा घेतल्याशिवाय उठत नसत. मुलांना फारसे समजावून सांगावे लागले नाही. सकाळी जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघांना दुपारी एकमेकांचा विटाळ मानणे जमत नाही. तत्त्वज्ञान शिकण्यापूर्वीच त्यांचे हात एका लयीत फिरू लागलेले असत.

लक्ष्मीबाईंविषयी लिहिताना आमची लेखणी जड होते. त्या कुंभोजच्या सुखवस्तू पाटील घराण्यातल्या, कर्मठ जैन संस्कारात वाढलेल्या. सोवळे, उपवास, दर्शन यांत ज्यांचे बालपण गेले त्या स्त्रीच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने अठरापगड जातींची मुले आणून बसवली. सुरुवातीला त्यांना ते जड गेले. जड गेले नसते तर त्यांच्या पुढच्या वागण्याला काही किंमत राहिली नसती. हळूहळू त्या त्या मुलांच्या आई झाल्या. आजारी पोराच्या उशाशी बसताना त्याची जात विचारणे त्यांनी सोडून दिले. पैसा कधीच पुरत नसे. अंगावरचा एकेक दागिना मोडून मुलांच्या धान्यात गेला आणि शेवटी एके दिवशी घरात दाणा उरला नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. भाऊरावांच्या भाषणांनी हजारो माणसे हलली. लक्ष्मीबाईंनी एकही भाषण केल्याचे आम्ही वाचलेले नाही. ३० मार्च १९३० रोजी त्या वारल्या. कर्मवीरांच्या चरित्रात त्यांना बहुधा त्या मंगळसूत्राच्या एका वाक्यात उरकले जाते. खरे तर त्या घराचे धर्मांतर आधी चुलीपाशी झाले आणि ते करणारी व्यक्ती त्या होत्या.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. त्यानंतर बरोबर तेवीस दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन तारखा शेजारी ठेवून आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. एका ठिकाणी मुले एका घागरीचे पाणी पीत होती आणि मान्यवर कौतुक करीत होते. दुसऱ्या ठिकाणी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिणाऱ्यांची डोकी फोडण्यात आली. भाऊरावांचे वसतिगृह हे चार भिंतींतले जग होते, त्यांचे स्वतःचे होते, आणि तेथे येणारा राजीखुशीने येई. चवदार तळे सर्वांचे होते, म्हणून तेथे हक्काचा प्रश्न होता. प्रेमाने जे मिळते आणि हक्काने जे मिळवावे लागते ते दोन्ही मिळून पाणी होते असे आमचे मत आहे. मात्र कोणी पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याची गरज नाकारू लागला तर त्याच्याशी आमचे जमत नाही.

१९३२ च्या पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढले, ते त्या कराराचे स्मारक म्हणून. पुणे कराराची आठवण आपल्या समाजाला सुखाची नाही. बाबासाहेबांनी कोणत्या दडपणाखाली सही केली आणि पुढे त्याविषयी किती कडवट लिहिले हे आपण जाणतो. म्हणून स्मारक हा शब्द ऐकला की आमच्याही मनात खळबळ होते. परंतु भाऊरावांनी त्या कराराचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. राखीव जागांच्या आकड्यांवर लोक वाद घालत असता त्यांनी स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांना एका छपराखाली आणून ठेवले. ऐक्य हा शब्द कागदावर लिहिला गेला होता. तो खरा ठरवायचा तर कोणाला तरी कोणाबरोबर राहावे लागणार होते.

इथे आमच्याच अनुभवातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका वसतिगृहाची व्यवस्था पाहत होतो. मुलांनी आपल्या खोल्या, व्हरांडा व संडास पाळीने साफ करावेत असा नियम आम्ही केला. एके रविवारी एका विद्यार्थ्याचे वडील भेटीला आले. आपला मुलगा संडासात पाणी ओतून खराटा मारतो आहे हे त्यांनी पाहिले आणि ते तिथेच उभे राहिले. ते नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्यांचे वडीलही तेच होते. त्यांनी शांतपणे आम्हांला विचारले, की हेच करायचे होते तर पोराला शाळेत कशाला घातले. आम्ही गाडगेबाबांचे नाव घेतले, श्रमप्रतिष्ठेविषयी काहीबाही बोललो. ते ऐकून घेऊन ते निघून गेले. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि हे आम्हांला त्याच रात्री कळले.

उत्तर भाऊरावांच्या वसतिगृहात होते. झाडू हातात घेण्यात कमीपणा नाही, हे वाक्य ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या झाडू लादला गेला त्याला ऐकवण्याचा अधिकार कोणाला असतो? ज्या पंगतीत पाटलाचा मुलगाही झाडू घेतो त्या पंगतीला. साताऱ्यात झाडणे हे काम होते, जात नव्हती, कारण ते सर्वांच्या वाट्याला येई. तथागतांच्या संघात उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या देण्यात आली, ती राजपुत्रांच्याच विनंतीवरून, म्हणजे त्यांना त्याला आधी वंदन करावे लागेल आणि कुळाचा ताठा मोडेल. विहार झाडणे हेही भिक्खूंचेच काम होते. आम्ही पुढच्या आठवड्यापासून पाळीच्या यादीत अधीक्षकांचे, शिक्षकांचे आणि आमचे नाव घातले. गुरुवार आमच्या वाट्याला आला. ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा गुरुवार नव्हता, त्यामुळे त्यांनी आम्हांला झाडताना पाहिले नाही; पण मुलाने त्यांना सांगितले असावे, कारण जाताना त्यांनी जयभीम केला आणि मुलगा दहावी होईपर्यंत आमच्याकडेच ठेवला. ज्या शाळांत आजही ठरावीक मुलांनाच झाडायला लावतात तेथे मात्र पालकांनी तोच प्रश्न विचारला पाहिजे, आणि मोठ्याने विचारला पाहिजे.

भाऊरावांच्या मुलांचे श्रम घर झाडण्यावर थांबले नाहीत. त्यांनी खडी फोडली, विहिरी खोदल्या, खडकाळ माळ सपाट करून त्यावर भाजीपाला पिकवला, झाडे लावली आणि इमारतींचे दगड वाहिले. कमवा आणि शिका हे नाव पुढे रूढ झाले. त्याचा गाभा एवढाच, की गरीब मुलाने शिक्षण दान म्हणून न घेता आपल्या घामाने विकत घ्यावे. जेवणात जी भाजी आली ती आपण पाणी घालून वाढवली आहे हे माहीत असलेला मुलगा ती ताटात टाकत नाही. पाणी आपण विहिरीवरून वाहून आणले असेल तर ते सांडत नाही. पर्यावरण हा शब्द तेव्हा शाळेत कोणी शिकवत नव्हते. संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून वडाचे झाड निवडले, ते ज्याच्या पारंब्यांना पुन्हा मुळे फुटतात. याच बोर्डिंगमधून पी. जी. पाटील यांच्यासारखा गरीब घरचा मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

१९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले, कारण खेड्यात शाळा काढायची तर खेड्यात राहणारा मास्तर हवा. १९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल निघाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. शेकडो गावांत प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे झाडाखाली. त्यांना पैसा कोठून आला हा प्रश्न कोणीही विचारील. पुष्कळसा धनिकांकडून आणि संस्थानिकांकडून आला, पण भाऊरावांना अधिक भरवसा होता तो मूठ फंडावर. घरातल्या बाईने रोज दळणाला दाणे घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवायची, आणि आठवड्याने ते धान्य बोर्डिंगची मुले गोळा करून नेत. एका मुठीने कोणतेही घर उपाशी राहत नाही. जिच्या घरात पाटीला हात लागलेला नाही अशी बाई रोज सकाळी जात्याजवळ कोणा अनोळखी मुलाच्या शिक्षणाची आठवण करी. ती मूठ कोणत्या जातीच्या मुलाच्या पोटात गेली हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. आमच्या मते या योजनेचे खरे शहाणपण त्यात होते.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, भाऊरावांच्या परखड बोलण्यावर रुष्ट होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. तेव्हा याच मुठींनी आणि गावोगावच्या वर्गणीने संस्था तगली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. त्या कठीण काळात गाडगेबाबा त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५४ साली कराडला कॉलेज निघाले तेव्हा त्याला भाऊरावांनी त्या निरक्षर संताचे नाव दिले. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती.

बाबासाहेब आणि भाऊराव यांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढले, म्हणजे साताऱ्याच्या बोर्डिंगनंतर काही महिन्यांनी. एक वसतिगृह फक्त आपल्या मुलांचे, दुसरे सर्वांचे. तरुणपणी आम्हांला वाटे की यांतले एक बरोबर असेल तर दुसरे चूक असले पाहिजे. आता तसे वाटत नाही. ज्या मुलाला सगळीकडे कोपऱ्यात बसवले गेले आहे त्याला अशी एक जागा लागते जिथे तो मधोमध बसेल. तिथे त्याची मान ताठ होते. मग त्याला अशी जागा लागते जिथे इतरांची मुले त्याच्या शेजारी येऊन बसतील. भाऊराव सत्यशोधक राहिले, बाबासाहेबांनी १९५६ साली धम्माची दीक्षा घेतली व दिली. वाटा निराळ्या होत्या हे लपवण्यात अर्थ नाही. पण आपल्या शाळेत या वर्षी आपल्या समाजाबाहेरचीही मुले राहायला आहेत, ती विहारातल्या वंदनेला बसतात, आणि भोजनगृहात कोण कोणाच्या शेजारी बसावे याची यादी आपण केलेली नाही. हे दुसऱ्या वाटेवरचे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय काही अंशी साताऱ्याकडे जाते.

शेवटच्या वर्षांत सन्मान आले. १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी देऊन गौरव केला. इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेल्या माणसाला मिळालेली ती पदवी होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा देह साताऱ्याला आणण्यात आला. ज्या गावात एका मुलाला नळाची तोटी सोडता आली नव्हती, त्या गावात त्या दिवशी त्यांच्या बोर्डिंगात वाढलेली सर्व जातींची माणसे जमली होती. त्यांतले पुष्कळ जण तोवर मास्तर झालेले होते आणि आपापल्या गावची शाळा बंद ठेवून आले होते.